खांड्याचं लगीन

यशराजनं आपण होऊन पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला, तेव्हाच खरं तर घरच्यांच्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ह्याच माणसाला बाप रोज सांगत होता, पंचायतीत चल, लग्नाची नोंद करून टाकू, आणि हा रोज उद्यावर ढकलत होता. आता गुढीपाडव्याला सुट्टीवर आला आणि चहाची बशी खाली ठेवता ठेवता स्वतःच म्हणाला, “सोमवारी जाऊया की पंचायतीत. भाऊसाहेब असतोय न्हवं?”

पूर्णिमा तेव्हा गोठ्यात म्हशीखाली बसली होती. भिंतीपलीकडचं बोलणं कानावर आलं आणि धार चरवीत पडायच्या ऐवजी तिच्या पायावर पडली. म्हशीनं मान वळवून बघितलं.

“काय न्हाय गं बाई,” पूर्णिमा तिला म्हणाली, “तू सोड दूध.”

त्या नोंदीवर तिचं सगळं अडलं होतं. नोंद झाली की पलटणीत बायको म्हणून तिचं नाव लागणार होतं. नाव लागलं की क्वार्टर मिळणार होतं, आणि मग ती एकदाची नवरा असलेल्या घरात राहायला जाणार होती. लग्नाला वर्ष होत आलं तरी तिनं नवरा बघितला होता तो फक्त दिवाळीत. बाकीचं वर्ष म्हशी, ऊस आणि सासू.

ह्या पाडव्याला तो आला त्या दिवशी तर तिचा असा काही गोंधळ उडाला होता की तिनं धावत जाऊन त्याच्यापुढं गूळ-पाणी ठेवलं. सासू तानाबाई कडाडली होती, “अगं, घरच्या मान्साला कुनी गूळ-पानी देतं व्हय? पावणं हाय काय त्यो? उचल त्ये!” यशराज खाली मान घालून बूट सोडत राहिला होता. पूर्णिमा लाजून आत पळाली होती.

तानाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पूर्णिमा कबनूरची, बाप कापडाच्या मागावर कामाला, हिचं लहानपण सुताच्या कांड्या भरण्यात गेलेलं. सूत बोटाला कापतं ते तिला ठाऊक होतं, पण उसाचा पाला मान, कान, दंड सगळं कापत जातो हे तिला सासरी आल्यावरच कळलं. तोडीच्या दिवसांत ती वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावरून आणायची आणि बांधावरून सासू ओरडायची, “सूत न्हवं त्ये, आवळून बांध! वाटंत सुटलं म्हंजे मी येनार न्हाय गोळा कराय!” रात्री तीच सासू तिच्या मानेवरच्या ओरखड्यांना खोबरेल लावायची. लावतानाही शिव्या चालूच असायच्या. पूर्णिमाला हळूहळू त्या शिव्यांची सवय झाली होती, एवढी की एखाद्या दिवशी त्या कमी पडल्या तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आता ते लग्न कसं लागलं ते सांगायलाच पाहिजे. गेल्या वैशाखातली गोष्ट. शेवटचा मुहूर्त धरलेला, त्याच्यापुढं अधिक महिना. नवरा वाटेत असेल, पोचेल, ह्या हिशेबानं हळदी लागल्या, दारात मांडव पडला, आणि आदल्या दिवशी गावातल्या टेलिफोनच्या बूथवर यशराजचा फोन आला. सरहद्दीवर गडबड सुरू झालेली, सुट्ट्या बंद. कारगिल हे नावसुद्धा तोवर गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. बाप बाळासो फोनवर ओरडून ओरडून विचारत होता, “आता रं? पोरीला हळद लागलीया!” तिकडून एवढंच ऐकू आलं, “तुमी म्हनाल तसं करा, आबा.” मग फोन तुटला.

हळद लागलेली पोरगी तशीच ठेवायची कशी? दोन्हीकडची माणसं मांडवात डोक्याला हात लावून बसली. तेव्हा बाळासोचा चुलता, आकाराम तात्या, पुढं झाला. तात्या फौजेतून पेन्शनीत आलेला, मिशीला अजून पीळ.

“एवढं काय तोंड पाडून बसलाय?” तो म्हणाला. “माझ्या आज्याचं लगीन खांड्यावर, तलवारीसंगट लागलं हुतं. गडी मोहिमेवर आन् हिकडं अक्षता. फौजंतल्या घरात ह्ये चालतंच की.”

देव्हाऱ्यात घराण्याची जुनी कट्यार होती. एरवी नवरदेवाच्या हातात असते तीच. तिच्या टोकाला लिंबू खोचलं, मुठीला तानाबाईनं मुंडावळ्या बांधल्या, पाटावर शेला पसरला, आणि तात्या ती कट्यार दोन्ही हातांनी उभी धरून मंगलाष्टका संपेपर्यंत ताठ उभा राहिला. अंतरपाट गेला तेव्हा पूर्णिमाला समोर एक लिंबू आणि एक मिशी दिसली. तिनं घातलेला हार पात्यावरून घसरायला लागला, तो तात्यानं करंगळीनं अडवून धरला. मग मंगळसूत्र कट्यारीला टेकवलं आणि तानाबाईनं सुनेच्या गळ्यात बांधलं. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या, नंतर त्याच डोळे पुसायला लागल्या.

पुढं नळावरच्या पोरींना विषयच मिळाला. “नवऱ्याला गंज चढू दिऊ नगंस गं, तेल लाव!” पूर्णिमा खरंच लावायची, दर सोमवारी. त्या पावसाळ्यात रेडिओवर बातम्या लागल्या की ती देव्हाऱ्यापाशी जाऊन बसायची. कट्यार जागेवर आहे म्हणजे तोही आहे, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. आणि दिवाळीत तो आला. धडधाकट, हसरा, बोलका. सोप्यामागच्या खोलीत तिच्याजवळ राहिला, डोंगराच्या, बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. आता आपलं सगळं झालं, असं पूर्णिमाला वाटलं.

सोमवारी ती पहाटेच उठली. शेण काढलं, म्हशी धुतल्या, धारा काढल्या, डेअरीला दूध घालून आली आणि मग मागच्या दारी हात घासत बसली. किती घासले तरी उसाच्या चिकाचे डाग बोटांच्या पेरांतून जाईनात.

“त्या हातांनी काय भाऊसाहेबाला भाकरी वाढायची हाय?” तानाबाई म्हणाली. “सई करायची नुसती. चल.” पण म्हणताना तिनंच सुनेच्या हिरव्या साडीच्या निऱ्या वाकून नीट केल्या.

तात्या पदकं लावून आला होता. यशराज पुढं चालत होता, पांढऱ्या शर्टात. पूर्णिमा त्याच्या पाठीकडे बघत चालत होती आणि मनातल्या मनात क्वार्टरमध्ये भांडी मांडत होती.

पंचायतीच्या खोलीत पंखा होता, वीज नव्हती. ग्रामसेवक शशिधर भाऊसाहेब कुरुंदवाडकडचा, तरणा, कामाला चोख. पूर्वी ह्या कामाला लोकांना तालुक्याला खेपा घालाव्या लागायच्या. नव्या कायद्यानं आता नोंद गावातच होत होती, आणि हे नवं काम त्याला आवडायचंही. त्यानं सगळ्यांना बसवलं, शिपायाला चहाला पाठवलं.

“लग्न कुठं लागलं?”

“आमच्या दारातच की,” बाळासो म्हणाला.

“साक्षीदार तिघं लागत्यात. अन् भटजीची सही.”

“भटजी हाय गावात. साक्षीदार ह्ये काय, मी, आमची तानाबाई आन् तात्या.”

“तिघांनी बी लग्न डोळ्यांनी बघितलंय न्हवं? तसं लिहून द्यावं लागतंय.”

तात्याला राग आला. “बघितलंय? आवं भाऊसाहेब, मीच धरलं हुतं की!”

“काय धरलं हुतं?”

“कट्यार!”

आणि तात्यानं छाती पुढं काढून सगळं सांगितलं. फोन, हळद, आज्याचं लग्न, लिंबू, करंगळीनं धरलेला हार. असं लग्न पंचक्रोशीत पन्नास वर्षांत झालं नाही, हेही सांगितलं. भाऊसाहेबाचा पेन मध्येच थांबला.

“म्हंजे नवरा नव्हता?”

“नवरा सरहद्दीवर हुता. नवऱ्याची कट्यार हुती. एकच की त्ये.”

भाऊसाहेबानं पेनाला टोपण लावलं.  पूर्णिमानं सासूकडं बघितलं, सासू भाऊसाहेबाकडं बघत होती.

“तात्या, तुमच्यात चालत असंल, मी न्हाय म्हनत न्हाय,” भाऊसाहेब सावकाश म्हणाला. “पण मला असं लिहिता येत न्हाय. नवरा-नवरी दोघं बी हजर पायजेत. तवा त्यो पलटनीत हुता, तिथल्या कागदावर बी तसंच असनार.” मग सगळ्यांचे चेहरे बघून तो घाईनं म्हणाला, “घाबरू नगा, घाबरू नगा. आज दोघं बी हितं हायत. म्होरं मारुतीचं देऊळ हाय. भटजीला बलवा, दोन हार आणा, समदी अक्षता टाकू. मी बी येतो. आजची तारीख घालून सांजच्याला कागद हातात देतो. झालं?”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तात्या मोठ्यानं हसला. “दोनदा लगीन! नशीबवान हायस गड्या!” बाळासो हार आणायला उठलाच. तानाबाई सुनेला म्हणाली, “पदर घे नीट डोक्यावरनं. येडी हाय नुसती.” पूर्णिमानं पदर घेतला. तिचे कान तापले होते. ह्या वेळी अंतरपाट गेल्यावर समोर माणूस दिसणार होता. हे असं आपल्या नशिबात दुसऱ्यांदा येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“न्हाय,” यशराज म्हणाला.

उठलेला बाळासो तसाच वाकून राहिला. “न्हाय म्हंजे?”

“हार घालायचा न्हाय मला.” तो खिडकीकडं बघत बोलत होता. “भाऊसाहेब म्हनत्यात त्ये खरं हाय. मी लगनाला नव्हतो. माझं लगीन झालेलंच न्हाय. वकिलाला इचारून आलोय मी.”

शिपाई चहा घेऊन दारात आला होता, तो तिथंच थांबला.

पूर्णिमाला आधी काहीच झालं नाही. तिला त्याच्या बाहीवरची इस्त्रीची घडी दिसली, सरळ, कडक. वकिलाला विचारून आलोय, म्हणजे येण्याआधीच विचारलं होतं. म्हणजे पाडव्याला चहा पिताना, तिनं गूळ-पाणी आणलं तेव्हा, म्हशीखाली तिची धार चुकली तेव्हा, त्याला हे माहीत होतं. शर्ट ह्याच्यासाठी इस्त्रीला टाकला होता. मग मात्र तिनं टेबलाची कड धरली.

“यशा, काय बोलतुयास त्ये कळतंय का तुला?” तानाबाईचा आवाज ओळखू येत नव्हता.

“कळतंय, आई. पलटनीतल्या माझ्या जोडीदाराची भन हाय. पुण्याला. शिकलेली हाय. तिच्या घरच्यास्नी शब्द दिलाय मी. म्हनलं एकदाच समद्यांच्या म्होरं काय त्ये हुदे, परत घोळ नगं.”

“तूच म्हनलास की फोनवर,” बाळासो चाचरत म्हणाला, “तुमी म्हनाल तसं करा—”

“वर डोंगरात लढाईला जायाचं हुतं आबा, माघारी येतोय का न्हाय ठावं नव्हतं. तवा बापाला न्हाय म्हननार हुतो व्हय मी?”

त्याचं तेवढं म्हणणं खोटं नव्हतं. बाळासो मटकन खाली बसला.

पूर्णिमानं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी कधी तोंड उघडलं नव्हतं. आता तिचं तिलाच कळलं नाही, आवाज कुठून आला.

“दिवाळीत कोन आलतं मग?”

 भाऊसाहेबानं मान खाली घातली. यशराजचे कान लाल झाले.

“त्ये... घरच्यांनी खोलीत घातलं,” तो म्हणाला.

असं बोलता येतं माणसाला? बाहेर दोघी-तिघी बायका रेशनच्या कामाला थांबल्या होत्या, त्यांनी ऐकलं. शिपायानं ऐकलं. तात्या खुर्चीत बसला तशी छातीवरची पदकं वाजली. “मी धरलं हुतं की रं,” तो कुणाला तरी म्हणाला, “मी ह्या हातांनी धरलं हुतं.”  बाळासो उठला आणि तात्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला. भाऊसाहेब त्यांना सोडायला दारापर्यंत आला.

परत येताना ऊन डोक्यावर आलं होतं. यशराज पुढं चालत होता, आणि डांबर वितळलेल्या जागा बूट खराब होऊ नयेत म्हणून चुकवत होता. तानाबाई एक शब्द बोलत नव्हती. पूर्णिमाला वाटत होतं, हिनं काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, अगदी मलाच द्यावी. नळावरच्या पोरी हंडे भरायच्या थांबल्या. आज त्यांनीही काही चेष्टा केली नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

घरी गोठ्यात म्हशी ओरडत होत्या. सकाळच्या गडबडीत त्यांना पाणी दाखवायचं राहिलं होतं. पूर्णिमानं साडी खोचली, हौदातनं बादल्या ओढल्या, कडबा तोडून टाकला. हात आपले आपण चालत होते. कडब्याचं धाट तळव्यात घुसलं, रक्त आलं, ते तिनं साडीला पुसलं. हिरव्या साडीला. मग आत जाऊन तिनं बोचकं बांधलं. कबनूरहून आणलेल्या साड्या घेतल्या, इथल्या तिथंच ठेवल्या. बाप दारात बघून काय म्हणेल? मागावरचे लोक काय म्हणतील? नवरा मेला तर बाई विधवा होते, टाकली तर टाकलेली होते. हिला काय म्हणतात ते तिला माहीतच नव्हतं.

तिचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्र. हे त्यानं बांधलेलंच नव्हतं, तर त्याला परत तरी कसं द्यायचं? बांधलं होतं सासूनं. ती ते काढून मुठीत धरून सोप्यात आली.

यशराज जोत्यावर बसून बूट काढत होता. काढलेले बूट त्यानं सवयीनं आत, झोपायच्या माच्याखाली सारले.

“आई, वाढ,” तो म्हणाला. “सकाळधरनं काय खाल्लेलं न्हाय.”

तानाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती.  पूर्णिमानं जवळ जाऊन मूठ पुढं केली.

“आत्ती, ह्ये तुमचं तुमाला.”

तानाबाईनं त्या मुठीकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि कट्यार घेऊन आली. मुठीला मुंडावळ्यांचा विटलेला दोरा अजून होता, पातं तेलानं चमकत होतं. तिनं ती सुनेच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली, मंगळसूत्राच्या मुठीसकट.

“मंगळसूत्र मी बांधलंय. ह्याला टेकवून बांधलंय, समद्या गावाम्होरं,” ती म्हणाली. “ह्यो वरीसभर ह्या घरात हाय. कुठं गेलेला न्हाय. आन् ह्यो अजून न्हाय म्हनलेला न्हाय.”

“आई, खुळ्यागत काय करतीस?” यशराज चिडून म्हणाला. “वाढतीस का न्हाय?”

तानाबाई वळली. तिनं खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला. स्वतःच्या पोरासमोर तिनं असा पदर कधी घेतला नव्हता.

“कुठनं आलाय, पावणं?” तिनं विचारलं.

यशराज हसला. मग आईचं तोंड बघून त्याचं हसू थांबलं. “आई?”

“कुनाकडं आलाय? आमच्यात कोन फौजंत न्हाय.”

त्यानं बापाकडं बघितलं. बाळासो खांबाला टेकून बसला होता, डोळे जमिनीवर.  मग उठला, माच्याखाली वाकला, पोराचे बूट दोन बोटांत उचलले आणि उंबऱ्याबाहेर नेऊन रस्त्याकडं तोंड करून ठेवले, जिथं आल्यागेल्याचं पायताण असतं. ठेवून झाल्यावर त्याला उभं राहवेना. तो तिथंच पायरीवर बसला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला.

पूर्णिमाच्या हातावर कट्यार जड झाली होती. सासूनं तिला धरून ठेवलं होतं, हे तिला कळत होतं, आणि त्यानं तिचं काळीज भरूनही आलं होतं. पण लोखंडाबरोबर जन्म काढायचा नाही, हेही तिला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. बोचकं मधल्या दाराशी तसंच होतं. ते सोडायचं की उचलायचं ते सकाळी बघू, म्हशींची धार काढून झाल्यावर. ती देव्हाऱ्यापाशी गेली, कट्यार जागेवर ठेवली आणि मंगळसूत्र तिच्या शेजारी ठेवलं.

मग ती माजघरात गेली. डब्यातनं गुळाचा खडा काढून वाटीत ठेवला, तांब्या विसळून पाण्यानं भरला. पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली आणि परक्या माणसापुढं ठेवतात तसा, थोडा लांबच, तांब्या आणि वाटी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली.  यशराज त्या वाटीकडं बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“गूळ घ्या, पावणं,” ती म्हणाली. “उनातनं आलाय.”